जुने रिव्हॉल्व्हर आणि दुरावलेला हात

कोकणात हत्याराचा परवाना म्हटला म्हणजे डोळ्यांपुढे उभी राहते ती शेतीच्या रक्षणासाठी घेतलेली ठासणीची अथवा एकनळी बंदूक. रत्नागिरी जिल्ह्यातील भातखाचरांत रात्री उतरणारी रानडुकरे आणि आंब्या-नारळाच्या बागांत धुमाकूळ घालणारी वानरे ह्यांच्यामुळे ती गावोगाव आली. तिच्याकडून नेमक्या लक्ष्यवेधाची अपेक्षा नसते. पुष्कळदा तिच्या आवाजानेच काम भागते. रिव्हॉल्व्हर ही त्या मानाने विरळा वस्तू. लष्करातून निवृत्त झालेला अधिकारी, मुंबईत व्यवसाय करून गावी परतलेला गृहस्थ किंवा एखादे जुने इनामदार घराणे अशा ठिकाणी ती आढळते, आणि मूळ मालकाच्या मागे ती मुलाच्या अथवा नातवाच्या नावावर चढते. तरुणपणी ज्याने काही वर्षे नेमबाजी केली आणि नंतर नोकरी-संसारात जिचा सराव सुटला, अशा माणसाच्या हाती ते जुने रिव्हॉल्व्हर पुन्हा आले म्हणजे एक प्रश्न हमखास उद्भवतो. पंचवीस मीटरांवरील कागदावर पहिल्याच दिवशी छिद्रे वाटेल तशी विखुरतात. दोष कोणाचा? चाळीस-पन्नास वर्षे पेटीत पडून राहिलेल्या यंत्राचा, की तितकीच वर्षे दुरावलेल्या हाताचा? बहुतेकांचे उत्तर तयार असते. विनयी मनुष्य हाताला दोष देतो, इतर सारे रिव्हॉल्व्हरला. वस्तुतः दोन्ही उत्तरे पुराव्यावाचून दिलेली असतात, कारण कागदावर दिसते ती दोन्ही दोषांची बेरीज होय. ती बेरीज फोडावी कशी, आणि तिच्यातील कोणता भाग कागदाची वाट न पाहता आधीच तपासला पाहिजे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

रत्नागिरी आणि लक्ष्यवेध ह्यांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. भारतात नेमबाजीस खेळ म्हणून संघटित रूप देणारी नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, आणि आडनावही त्या गावावरूनच आलेले. त्यांचे प्रारंभीचे काही शिक्षण राजापुरास झाले. १९०२ साली ते अहमदाबादेस गेले व तेथलेच झाले. १९५६ साली ते निवर्तले. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा ही नवोदितांना राष्ट्रीय स्पर्धेचा दरवाजा उघडणारी पायरी होऊन बसली. देशभरचे नेमबाज ‘मावळंकर खेळून आलो’ असे सहज म्हणतात. ते नाव कोकणातील एका खेड्याचे आहे हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रथम कायद्याची बाजू, कारण ती पुरी होईपर्यंत पुढचा विचार व्यर्थ आहे. ‘आजोबांच्या वेळचे’ म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ‘पुरातन’ असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा असून धोक्याचा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील पंचेचाळिसावे कलम कालबाह्य घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट देते खरे. परंतु ते हत्यार दुरुस्त करूनही उडवता येण्याजोगे नसेल तरच. म्हणजे ज्या रिव्हॉल्व्हरने लक्ष्यवेध करता येईल, ते ह्या सुटीच्या बाहेर पडते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते व नंतर स्वतःच्या नावाने परवाना मागावयाचा असतो. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पुरी केली किंवा हत्यार पंचवीस वर्षे बाळगले, तर त्याच्या हयातीतच ते वारसाकडे जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला अधिकात अधिक दोनच हत्यारे ठेवता येतात, मग ती वारशाने आलेली असोत वा विकत घेतलेली. ज्या वारसाच्या स्वतःच्या परवान्यावर शेतीरक्षणाच्या दोन बंदुका आधीच आहेत, त्याच्याकडे आजोबांच्या रिव्हॉल्व्हरसाठी जागा उरत नाही. ह्याशिवाय बोअरचा प्रश्न आहेच. .३८ व .४५५ हे एके काळचे लष्करी बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतात. सामान्य नागरिकाच्या वाट्याला येतो तो मुख्यतः.३२ बोअर. परवाना हाती आला तरी आपल्या आमराईत कागद टांगून गोळीबार करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. लक्ष्यवेध व्हावयाचा तो मान्यताप्राप्त रेंजवर, मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या जागी. अंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागले तरी त्याला इलाज नाही.

आता यंत्राकडे वळू. रिव्हॉल्व्हर आणि इतर बंदुका ह्यांतील मूलभूत भेद असा की, सामान्य बंदुकीत काडतूस ज्या नळीत फुटते तिच्यातूनच गोळी बाहेर पडते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फिरत्या सिलिंडरच्या एका कप्प्यात फुटते आणि गोळीला तेथून उडी घेऊन नळीत शिरावे लागते. ह्या उडीतच रिव्हॉल्व्हरचे बरेचसे गुणदोष साठलेले आहेत. सिलिंडर आणि नळी ह्यांच्यामध्ये फट असावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. ही फट चांगल्या स्थितीतील हत्यारात साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असते. वापराने व खिळखिळेपणाने ती वाढली, की तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूस उडू लागतात. दुसरी गोष्ट संरेखनाची. घोडा पडण्याच्या क्षणी कप्प्याचा अक्ष नळीच्या अक्षाशी जुळलेला असला पाहिजे. चाप ओढताना एक आकडा सिलिंडर पुढे ढकलतो आणि दुसरी खुंटी त्याला नेमक्या जागी अडवते. आकडा झिजला तर सिलिंडर पुरता पोहोचत नाही. खुंटी झिजली तर तो अडल्यासारखा दिसूनही डळमळतो. अशा स्थितीत गोळी नळीच्या तोंडाला एका कडेने घासून आत जाते व तिचा तोल बिघडतो. दोष किंचित असेल तर त्याचा परिणाम कागदावर दिसेल. अधिक असेल तर तो चेहऱ्यावर दिसेल.

म्हणूनच यंत्राच्या तपासणीचा एक भाग कागदावर सोपवता येत नाही. सिलिंडर सहाही कप्प्यांवर घट्ट थांबतो की नाही, नळीत कोठे फुगवटा अथवा खोल खड्डे आहेत काय, सांध्यावर हालचाल आहे काय, हे जाणत्या परवानाधारक कारागिराने रिकाम्या हत्यारावर पाहावयाचे असते. वेब्ली पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा सांधा विशेष महत्त्वाचा. ते नळीच्या मागील बाजूस वरून उघडते व चापाच्या पुढे असलेल्या बिजागरीवर मोडते. उघडताच मधला तारा वर येऊन सारी रिकामी टरफले एकदम बाहेर टाकतो. ही रचना सोयीची आणि देखणी आहे, परंतु सारा जोर एका कडीवर व एका बिजागरीवर पडतो. इतक्या वर्षांत त्यांत ढिलाई येणे स्वाभाविक होय. कडी लावल्यावर नळी बोटांनी वरखाली हलत असेल, तर त्या हत्याराचे स्थान भिंतीवर आहे, रेंजवर नाही.

दुसरी सावधगिरी दारूची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत रिव्हॉल्व्हरची काडतुसे काळ्या दारूने भरली जात. काळी दारू मोठा धूर व पुष्कळ काजळी सोडते, पण तिचा दाब निर्धूम दारूच्या मानाने सौम्य असतो. त्या काळी घडलेल्या पोलादाला पुढील काळातील निर्धूम दारूचे काडतूस कप्प्यात बसले म्हणून मानवेल असे नाही. बसणे आणि सोसणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ब्रिटिश बनावटीच्या हत्यारावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मुद्रा असते. ती कोणत्या दारूसाठी व केव्हा उमटवली, हे वाचता येणारा कारागीर गाठावा. पन्नास वर्षे पेटीत हत्याराशेजारी पडलेली काडतुसे तर वापरूच नयेत. ओलाव्याने दारू मंदावली असेल तर गोळी नळीतच अडकून राहते, आणि तिच्या पाठीवर दुसरी गोळी गेली म्हणजे नळी फाटते. ‘फुस्स’ असा अपुरा आवाज आला की थांबावे, हत्यार रिकामे करून नळीतून उजेड दिसतो का ते पाहावे. हा नियम पाळावयास चार क्षण लागतात. न पाळल्यास बोटे जाऊ शकतात.

रत्नागिरीची हवा हा ह्या प्रकरणातील स्वतंत्र विषय आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. शिवाय समुद्रावरून येणारी खारी हवा. पुणे-नाशिककडे दहा वर्षे कोरडे राहिलेले पोलाद येथे एका पावसाळ्यात तांबूस होते. त्यात आपल्याकडील दोन घरगुती उपाय उलटेच पडतात. पहिला खोबरेल तेलाचा. ते हाताशी असते म्हणून चोपडले जाते. परंतु थंडीच्या पहाटे ते गोठते, आतील बारीक कमानींची हालचाल जड करते, आणि जुने होऊन खवट झाले की त्यातील आम्ल वाढते. दुसरा उपाय हत्यार चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवण्याचा. कमावलेले चामडे हवेतील ओल शोषून धरते आणि ती पोलादाला अखंड लावीत राहते; पुष्कळ जुन्या रिव्हॉल्व्हरांवर म्यानाच्या शिवणीचा नकाशा गंजाने कोरलेला आढळतो. खनिज तेलाचा पातळ थर, सुती कापड आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी एवढ्यावर भागते.

गंजाचे आणखी एक कारण रसायनशास्त्राने उलगडले आहे, व ते जुन्या हत्यारांच्या नळ्या पाहताना उपयोगी पडते. पूर्वीच्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. स्फोटानंतर त्यातून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरतो. मिठासारखाच हा क्षार हवेतील पाणी ओढून घेतो, आणि त्या ओलाव्यात पोलाद एका रात्रीत गंजू लागते. हा क्षार तेलात विरघळत नाही. तो केवळ पाण्यात विरघळतो. ज्यांनी उडवून झाल्यावर नळीत प्रामाणिकपणे तेल घातले, त्यांच्या नळ्या गंजल्या, कारण तेलाने क्षारावर झाकण घातले एवढेच. ज्यांनी आधी उकळते पाणी ओतून नळी धुतली, वाळवली आणि मग तेल लावले, त्यांच्या नळ्या आजही आरशासारख्या दिसतात. बंदुकीत पाणी घालणे हे सामान्य बुद्धीला पटत नाही. पण येथे सामान्य बुद्धी हरली. आजच्या काडतुसांच्या टोप्यांत हा क्षार बहुधा नसतो. नळीतील खड्डे मात्र त्या काळाची साक्ष देत राहतात.

यंत्र निर्धोक ठरले म्हणजे काडतुसाचा प्रश्न येतो, आणि येथे एक सुखद योगायोग आहे. आंतरराष्ट्रीय सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर ह्या मर्यादेतील बोअर चालतो. म्हणजे .४५५ चे प्रसिद्ध वेब्ली मार्क सहा, जे १९१५ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारले, ते ह्या मर्यादेबाहेर राहते. परंतु सामान्य भारतीय परवान्यावर मिळणारा.३२ बोअर आत बसतो. इतकेच नव्हे, .३२ लाँग हेच काडतूस, सपाट तोंडाच्या गोळीसह, ह्या स्पर्धेतील निष्णात नेमबाजांचे आवडते ठरले आहे, कारण त्याचा धक्का अल्प आणि अचूकता मोठी. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सहाशेपैकी ५९० गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली ती ह्याच सेंटर-फायर प्रकारात. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत वेब्लीच्या धर्तीवर बनलेले .३२ रिव्हॉल्व्हर आणि स्पर्धेतील महागडे पिस्तूल ह्यांत घडणीचे अंतर फार मोठे आहे, पण बोअरच्या बाबतीत ती भावंडे आहेत.

तथापि काडतूस बदलले की नेमही बदलतो. जुन्या रिव्हॉल्व्हरची माशी आणि मागील खाच पक्की बसवलेली असते. ती कारखान्यात एका ठरावीक वजनाच्या गोळीसाठी जुळवलेली असते. गोळी नळीत असताना, सेकंदाचे एक-दोन सहस्रांश एवढ्या काळातच, हत्याराचे तोंड धक्क्याने वर उचलले जाऊ लागते. जड, मंद गोळी नळीत अधिक काळ राहते व तोंड अधिक उचलले गेल्यावर बाहेर पडते. हलकी, वेगवान गोळी लवकर सुटते. म्हणून जवळच्या अंतरावर हलकी गोळी खाली लागते, जड गोळी वर. वेग वाढवला म्हणजे गोळी वर लागेल ही समजूत येथे नेमकी उलटी ठरते. ब्रिटिश सैन्याने १९३० नंतर आपल्या .३८ रिव्हॉल्व्हरसाठी तेरा ग्रॅमची शिशाची गोळी सोडून सुमारे साडेअकरा ग्रॅमची आवरणयुक्त गोळी घेतली, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला होता. सारी छिद्रे एकत्र पण कागदाच्या तळाशी पडत असतील, तर हाताला बोल लावण्यापूर्वी काडतुसाच्या डबीवरील वजन वाचावे.

आता हात आणि डोळा. पंचवीस मीटरांवरील अचूकतेच्या टप्प्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. म्हणजे मध्यापासून सर्व बाजूंस २५ मिलिमीटरांची मुभा. सहा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर खाच आणि माशी ह्यांतील अंतर सुमारे १८० मिलिमीटर धरले, तर माशी खाचेच्या मध्यापासून ०.१८ मिलिमीटर, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतकी सरकली की गोळी दहाबाहेर जाते. ह्याउलट माशी व खाच नीट जुळलेली ठेवून सारा हातच एक सेंटिमीटर बाजूस सरकला, तर गोळीही एक सेंटिमीटरच सरकते आणि दहातच राहते. कोनाची चूक अंतराने सुमारे एकशे चाळीसपट होते. समांतर सरकणे आहे तेवढेच राहते. दीर्घ काळानंतर परतलेल्या नेमबाजाला हात डुलताना दिसतो म्हणून तो घाबरतो आणि काळे वर्तुळ माशीवर आले की घाईने चाप ओढतो. डुलणारा हात त्याचा शत्रू नसतो. घाईने ओढलेला चाप माशीला खाचेतून हलवतो, तो शत्रू.

ह्यासाठी नजर माशीवर खिळलेली हवी. लक्ष्य धूसर दिसले तरी चालते. पंचविशीत हे आपोआप साधते. पंचेचाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते आणि पसरलेल्या हाताच्या टोकाशी, सुमारे पाऊण मीटरवर, असलेली माशी पुसट होते. वाचण्याचा चष्मा ह्याहून जवळच्या अंतरासाठी असतो व दूरचा चष्मा ह्याहून दूरच्या. दोन्ही येथे निरुपयोगी. दूरच्या नंबरात सुमारे सव्वा डायॉप्टरची भर घालून केवळ माशीसाठी निराळे भिंग करून घ्यावे लागते. पुष्कळ जण ‘आता हाताला कंप सुटला’ असे म्हणून हा खेळ सोडतात. खरे पाहता त्यांना गरज असते ती चष्मेवाल्याची.

चापाचे प्रकरण रिव्हॉल्व्हरमध्ये अधिक बिकट आहे. घोडा अंगठ्याने आधीच मागे ओढून ठेवला तर उरलेला ओढ दोन-तीन किलोग्रॅमचा असतो. तो न ओढता केवळ चापानेच घोडा उचलावयाचा म्हटले तर पाच-सहा किलोग्रॅमचा जोर एका बोटाने, तोही लांबवर, लावावा लागतो. स्पर्धेच्या नियमांत चापाचा ओढ किमान एक किलोग्रॅम असला म्हणजे पुरते. आजची पिस्तुले त्या मर्यादेच्या अगदी काठावर बसवलेली असतात. अर्थात जुने रिव्हॉल्व्हर घेऊन येणारा प्रथमपासूनच दुप्पट-तिप्पट ओझे उचलतो. वेगाच्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसते व सात सेकंद झाकलेले राहते. ह्या सात सेकंदांत घोडा अंगठ्याने चढवण्यास पुरेसा अवकाश मिळतो. म्हणून जुने यंत्र येथे अगदीच हतबल नाही.

परतलेल्या हाताचा खरा व्याधी म्हणजे स्फोटाची आगाऊ चाहूल. आवाज आणि धक्का येणार हे शरीराला ठाऊक असते, आणि चाप सुटण्याच्या निमिषभर आधी मनगट धक्क्याला उत्तर देऊन मोकळे होते. उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी अशा वेळी खाली व डावीकडे जाते. धक्क्याच्या गडबडीत ही चूक त्याला स्वतःला दिसत नाही. येथे रिव्हॉल्व्हर स्वतःच उत्तम शिक्षक ठरते. रेंजवर सोबत्याने सहा कप्प्यांत तीन खरी काडतुसे व तीन निर्जीव सरावाची काडतुसे मिसळून भरावी, सिलिंडर फिरवून बंद करावे आणि हत्यार नेमबाजाच्या हाती द्यावे. निर्जीव काडतुसावर घोडा पडतो, स्फोट होत नाही, आणि नळीचे तोंड मात्र खाली डुबकी मारते. ती डुबकी डोळ्यांनी एकदा पाहिली की रिव्हॉल्व्हरविषयीच्या बऱ्याच तक्रारी बंद पडतात.

आता मूळ प्रश्न. छिद्रांच्या समूहात दोन निरनिराळ्या गोष्टी पाहावयाच्या असतात: समूहाचा मध्य कोठे पडला आणि समूह किती पसरला. मध्य ढळला असेल तर माशी, काडतुसाचे वजन किंवा एखादी ठराविक सवय ह्यांकडे बोट जाते. पसरण्यात हात आणि यंत्र दोघांचा वाटा असतो, आणि तो सरळ बेरजेने नव्हे, तर वर्गांच्या बेरजेने एकत्र येतो. हाताची पसरण ४० मिलिमीटर आणि यंत्राची ३० असेल, तर कागदावर ७० दिसत नाही. १६०० आणि ९०० मिळून २५००, त्याचे वर्गमूळ ५०. पायथागोरसच्या त्रिकोणाचेच हे गणित. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र शाळेत कोणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात हाताची पसरण ८० असेल, तर त्याच यंत्रासह कागदावर सुमारे ८५ दिसते. यंत्र निर्दोष असते तरी ८० दिसले असते. हा पाच मिलिमीटरांचा फरक दहा-वीस गोळ्यांतून ओळखणे कोणालाही शक्य नाही. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत रिव्हॉल्व्हर अचूक आहे की नाही, हे कागद सांगूच शकत नाही. त्या काळात माशी घासणे, मूठ बदलणे, नवी कमान बसवणे हे सारे उद्योग अंधारात केलेले असतात, आणि जुन्या हत्याराचे पुष्कळसे कायमचे नुकसान ह्याच पंधरा दिवसांत होते. कानसीने घासलेली माशी परत वाढत नाही.

हात सुधारू लागला म्हणजे चित्र पालटते. हाताची पसरण ३० वर आली की तेच यंत्र आपला निम्मा वाटा उघड करते. तेव्हा रिव्हॉल्व्हरची एक खोड कामास येते. सहा कप्पे म्हणजे एका अर्थी सहा निरनिराळ्या बंदुका होत, कारण प्रत्येक कप्प्याचे नळीशी संरेखन किंचित वेगळे असते. कप्प्यांना खडूने एक ते सहा आकडे घालावे, मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवावे आणि प्रत्येक कप्प्याच्या दहा-दहा गोळ्या निराळ्या कागदांवर माराव्यात. स्पर्धेत पाचच गोळ्यांची फेरी असते, त्यामुळे एक कप्पा तसाही रिकामाच राहतो. चौथा कप्पा नेहमी उजवीकडे फेकतो असे आढळले, तर चौथा रिकामा ठेवावा. शंभर वर्षांपूर्वीचे नेमबाज असेच करीत, आणि १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये लष्करी पिस्तुलाच्या प्रकारात जॉन पेन यांनी प्रथम क्रमांक मिळवला तो रिव्हॉल्व्हर घेऊनच.

दुरावलेला हात किती लवकर परततो, ह्याविषयी मानसशास्त्राने जे सांगितले आहे ते आशादायक आहे. एबिंगहाउस ह्या जर्मन संशोधकाने १८८५ साली दाखवले की, पूर्ण विसरल्यासारख्या वाटणाऱ्या गोष्टी पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी श्रम लागतात. त्याचे प्रयोग निरर्थक शब्दांवर होते. हाताच्या कौशल्याच्या बाबतीत ही बचत त्याहूनही ठळक दिसून येते. उभे राहणे, श्वास अर्धा सोडून थांबवणे, मूठ धरणे ही अंगे काही दिवसांतच जाग्यावर येतात. चाप व नजर ह्यांची नाजूक जुळणी मागाहून येते. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बने निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सारे पुन्हा शिकून १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत वेगवान पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. हात बदलला तरी जे शिल्लक राहते ते काय, ह्याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. आपल्याजवळचे उदाहरण कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे. कोपराच्या दुखापतीने त्या दीर्घ काळ स्पर्धेपासून दूर राहिल्या आणि परतून २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

रत्नागिरीच्या नेमबाजाने आपले वेळापत्रक पावसाशी जुळवून आखावे, हे ओघानेच आले. पावसाळ्याचे चार महिने घरी, हत्यार रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद ठेवून आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून रोज दहा मिनिटे नुसता चाप ओढण्याचा सराव करावा. भिंतीवर लक्ष्य नसल्यामुळे नजर आपोआप माशीवर राहते, आणि घोडा पडताना माशी हलली की नाही एवढेच पाहावयाचे असते. जुन्या घोड्याची टोचणी ठिसूळ झालेली असते, म्हणून कप्प्यांत निर्जीव काडतुसे घालूनच हे करावे. नवरात्रानंतर हवा कोरडी झाली की रेंजवर जावे. निवडणूक जाहीर होऊन हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर दोन-तीन महिने त्यातून वजा होतात. अशा वेळी ठाण्यात देण्यापूर्वी नळीत तेलाचा जाड थर द्यावा व पोचपावतीवर हत्याराचा क्रमांक आणि स्थिती नमूद करून घ्यावी. परत मिळाल्यावर पहिली गोळी उडवण्यापूर्वी नळीतून उजेड पाहावा, सहाही कप्पे हाताने फिरवून पाहावे, आणि खडूचे आकडे पुसले गेले असतील तर ते पुन्हा घालावे.